धरणात गेलेलं घर

शेजारच्या मावशी नव्या नवरी होत्या, तेव्हा त्यांचं गाव माजलगावच्या धरणात गेलं. पुनर्वसनाच्या घरात त्या म्हाताऱ्या झाल्या, तरी अजून सांगतात, “आमच्या दारासमोर मारुती हाय.”

यंदा धरण आटलं, जुनं गाव उघडं पडलं; ते बघायला लोक येऊ लागले. मी त्यांना घेऊन गेलो. त्यांच्या घराचं जोतं तेवढं उरलं होतं. पदर खोचून त्यांनी तरवडाच्या फांदीनं ते झाडून काढलं.

“मावशी, पावसाळ्यात पुन्हा बुडंल की.”

“बुडू दे. आज तर माणसं आल्यात.”

तेवढ्यात फोटो काढणारी पोरं जोत्यावर चढली.

“चपला खाली काढा, बाबांनो. घर हाय हे.”

पोरं ओशाळली. सगळ्यांनी चपला काढल्या.

“आता बसा,” म्हणत मावशींनी पिशवीतली बाटली काढली. “पाणी देते.”