दोन रकान्यांचे सर

नर्मदाकाठच्या आमच्या शहरात, नेपियर टाउनच्या कोचिंगमध्ये मी केमिस्ट्री शिकवते आणि प्लायवुडच्या पार्टिशनपलीकडे सर बायोलॉजी. अख्खं जग त्यांच्या लेखी दोन रकान्यांत मावतं. डबा उघडला तरी म्हणतात, "मॅडम, तुमची पोळी, माझा पराठा. फरक सांगू काय?" आणि सांगतातच.

परवा त्यांनी फळ्यावर गंगेतला डॉल्फिन आणि चतुर कीटक मांडले. डॉल्फिन जवळजवळ आंधळा, चतुराच्या डोळ्यांत हजारो भिंगं. सरांच्या आवाजानं पार्टिशन हलत होतं, फटीतून मला फळा दिसत होता. तेवढ्यात खिडकीतून खराखुरा चतुर आला आणि नेमका स्वतःच्याच रकान्यात बसला. एक मुलगी ओरडली, "सर, देखिए, असली वाला!"

सरांनी त्याच्यावर डस्टर हाणलं. "कीड़ा है. बोर्ड पे ध्यान दो." पुसलं गेलेलं 'आँखें' त्यांनी पुन्हा लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. डॉल्फिन नर्मदेत नसतो, हे त्याचं नशीब.

चहाच्या वेळी मी विचारलं, "सर, त्या चतुराला काहून मारलं?"

"कोणता चतुर?" ते खरोखरच बुचकळ्यात पडले. "अहो मॅडम, आज तर मी चित्र काढलंच नाही."