सुतकात मिळालेली खोली

बायको जाऊन सहाच दिवस झाले होते. पंचवटीतली जुनी खोली महिनाअखेरीला सोडतो, असं आम्ही दोघांनीच मालकाला सांगून ठेवलं होतं. तिथं दुसरं बिऱ्हाड यायचं होतं. म्हणून मी टेम्पोत सामान घालून गंगापूर रोडच्या म्हाताऱ्यांच्या सोसायटीत गेलो. तिथला फ्लॅट तिनंच पसंत केला होता, भाडंही ठरलं होतं.

मॅनेजर म्हणाला, "काकू मागून येतायत का?" मी खरं ते सांगून बसलो. त्यानं पुढं केलेली किल्ली मागं घेतली.

"काका, सुतक फिटू द्या. इथं जेवण एकत्र असतं. लोक ओरडतील."

"तवर मी कुठं राहू? टेम्पोत?"

टेम्पोवाल्यानं कॉट फाटकातच उतरवली होती. त्याला दुसरं भाडं होतं. तिथं राहणारा एक म्हातारा काठी टेकत आला आणि म्हणाला, "आमच्यात हे चालत नाही."

"मग नका चालवू. मी काय तुमच्या ताटात जेवणारे?"

मॅनेजर हलेना. तेवढ्यात बाकावर बसलेली एक बाई त्या म्हाताऱ्याला म्हणाली, "भाऊ, गेल्या साली माझा सख्खा दीर येवल्याला वारला. मी कुणाला बोललेच नाही. दहा दिवस तुमच्याच शेजारी पंगतीला बसले. काय झालं तुम्हाला?"

म्हातारा "शिव शिव" करत आत गेला. मॅनेजरनं किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी बाईला हात जोडले.

"हात काय जोडता? ती कॉट उचला आधी, वाट अडलीय," ती म्हणाली.