दोन साहेब आणि मालिनी उपासनी

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मालिनी उपासनींचा कुणावर पटकन विश्वास बसत नसे. घर गरम ठेवणारी फर्नेस तपासायला माणूस आला की त्या आधी त्याच्या कंपनीला फोन करून नाव विचारत, आणि तोवर तो बिचारा पोर्चवर थंडीत उभा. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एखादी नवीन बाई फार गोड बोलली, तर घरी येताना गाडीत म्हणत, "हिला काहीतरी विकायचंय." त्यांचे यजमान श्रीराम हसून सोडून द्यायचे. गंमत अशी, की बहुतेक वेळा त्या बाईला खरोखरच काहीतरी विकायचं असे.

मुळात त्या अशा नव्हत्या. नागपूरहून इंजिनियर होऊन आल्या तेव्हा विमानतळावर भेटलेल्या अनोळखी बाईच्या हातात स्वतःची पर्स देऊन बाथरूमला जाऊन आलेल्या मालिनीताई त्याच. टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका कंपनीत त्यांनी बरीच वर्षं काढली. मग कंपनी विकली गेली आणि नव्या मालकांनी सगळी रचना बदलली. मालिनीताईंना दोन साहेब मिळाले, एक इथला इलिनॉयमधला, दुसरा न्यू जर्सीत. एके सोमवारी त्यांनी दाराशी बॅज लावला, तर दिवा लाल. पुन्हा लावला, पुन्हा लाल. गार्डने आत फोन केला तेव्हा कळलं, की त्यांची जागा तीन आठवड्यांपूर्वीच रद्द झाली होती. इथल्या साहेबाला वाटलं न्यू जर्सीवाल्याने सांगितलं असेल, आणि न्यू जर्सीवाल्याला वाटलं इथल्याने. ते तीन आठवडे त्या रोज जाऊन नसलेल्या पदाचं काम करत होत्या, आणि शेजारच्या टेबलावरचे लोक त्यांच्याबरोबर डबा खात होते. त्यांच्यातल्या कुणाकुणाला माहीत होतं, हा प्रश्न मालिनीताईंच्या मनातून पुढे कधीच गेला नाही.

श्रीराम गेल्यावर घर मोठं वाटायला लागलं. मुलगा नील दूर पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला. तो दर रविवारी फोन करून एकच गोष्ट सांगायचा, "आई, डोन्ट क्लिक ऑन एनीथिंग." शेवटी मैत्रीण सुमेधाने आग्रह केला, की बेसमेंट रिकामं पडलंय तर एखादा विद्यार्थी ठेव, घरात माणूस असलेलं बरं. तिच्याच ओळखीतून निमिष दफ्तरदार आला. वय तिशीच्या पुढचं, पुण्यात काही वर्षं नोकरी करून मग पीएचडीला आलेला. शिकागोच्या विद्यापीठात आठवड्यातून दोनदा जायचं, बाकी खालीच बसून लिहायचं.

"कशात पीएचडी करतोस रे?" मालिनीताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"हिस्टरी, काकू. ऑर्गनायझेशन्सची."

एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही, पण मुलगा भांडी स्वतः धुवायचा, ड्राइव्हवेवरचा बर्फ न सांगता काढायचा. शनिवारी त्या त्याला वर जेवायला बोलवू लागल्या. तो फार छान ऐकायचा. बॅजची हकीकत त्यांनी त्याला एकदा सांगितली, तर पुढच्या शनिवारी त्याने पुन्हा काढली. "काकू, दोन साहेबांपैकी रजा कोण मंजूर करायचा? काही अडलं तर तुम्ही आधी कुणाला फोन करायचात?" मालिनीताई उत्तरं देत गेल्या. रात्री भांडी आवरताना मात्र त्यांच्या मनात आलं, नीलने सुद्धा मला हे कधी विचारलं नाही. याला कशाला हवंय?

त्यांच्या स्वयंपाकघरात जमिनीलगत हीटिंगचा व्हेंट होता. बेसमेंटमध्ये कुणी जरा मोठ्याने बोललं की आवाज त्या पत्र्याच्या नळीतून थेट वर यायचा. एका संध्याकाळी त्या कणीक मळत होत्या, आणि खालून निमिषचा आवाज आला. कुणा देव नावाच्या मित्राशी तो फोनवर बोलत होता.

"...हो यार, माल्टाचा ताबा आधी वेगळा होता, मग ट्रान्सफर... नाही, कंट्रोल कुणाच्या हातात जातो तेच महत्त्वाचं..." मग थोडं ऐकू आलं नाही. आणि मग स्वच्छ, "मालिनी उपासनी. परफेक्ट आहे ती. छे, तिला अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर बोलायची थांबेल."

मालिनीताईंचे हात कणकेत तसेच राहिले.

माल्टा म्हटल्यावर त्यांना एकच आठवलं, बाहेरच्या देशांतल्या बँकांमधून म्हाताऱ्या माणसांचे पैसे पळवतात ते. ताबा, ट्रान्सफर, कंट्रोल. आणि 'ती'! समोर काकू काकू करणारा माणूस पाठीमागे 'ती' म्हणत होता.

सकाळी त्यांनी सुमेधाला फोन केला. सुमेधा म्हणाली, माझ्या भाच्याच्या मित्राचा मित्र आहे, मी तरी त्याला कुठे नीट ओळखते? झालं. मालिनीताईंनी विद्यापीठाच्या त्याच्या विभागात फोन लावला आणि निमिष दफ्तरदार तुमचा विद्यार्थी आहे का, असं सरळ विचारलं. तिकडच्या बाईने यादी चाळली आणि सांगितलं, या नावाचं कुणी दिसत नाही.

"मग एक माणूस तुमचा विद्यार्थी आहे असं खोटं सांगून माझ्या घरात राहतोय," मालिनीताई म्हणाल्या.

बाईने आवाज एकदम बदलून निमिषचं नाव स्पेलिंगसकट लिहून घेतलं, आणि आम्ही चौकशी करतो म्हणाली.

निमिष संध्याकाळी परत आला तेव्हा त्या बेसमेंटच्या जिन्यात उभ्या होत्या. एका हातात फोन, त्यावर नीलचा नंबर काढून ठेवलेला.

"तुम्ही कोण आहात?" त्यांनी विचारलं.

निमिष बूट काढता काढता थांबला. आजवर त्या त्याला अरे-तुरे करत आल्या होत्या. ते 'तुम्ही' ऐकून त्याचा चेहरा उतरला.

"काकू, काय झालं?"

"माल्टात काय आहे? आणि मला काय सांगितलेलं नाही?"

तो क्षणभर स्वयंपाकघरातल्या व्हेंटकडे बघत राहिला, मग त्याच्या लक्षात आलं. "खाली या," तो म्हणाला. "प्लीज. दार उघडंच ठेवा हवं तर."

त्यांनी दार उघडंच ठेवलं. खालच्या भिंतीवर त्याने मोठमोठे कागद चिकटवले होते, आणि सगळ्यांवर चौकोन आणि बाण. मालिनीताईंनी असे कागद पाहिले होते. त्यांच्या ऑफिसात असा नवा कागद लागला की कुणाचा तरी चौकोन गायब झालेला असायचा.

"ही ब्रिटिश हवाई दलाची रचना आहे," निमिष म्हणाला. "दुसऱ्या महायुद्धातली. इंग्लंडच्या बाहेर, युरोपात आणि भूमध्य समुद्राच्या बाजूला त्यांची जी विमानं होती, त्यांना हुकूम कोण द्यायचा, एवढाच माझा विषय. माल्टा त्यातलं एक बेट. ते कधी कुणाच्या हाताखाली होतं ते शोधतोय मी."

"असल्या विषयाला पीएचडी देतात?"

"देतात, काकू." त्याने पहिल्या कागदावर बोट ठेवलं. "हे फ्रान्स. युद्ध सुरू झालं तेव्हा इथे ब्रिटिश विमानांचे दोन गट होते. एक सैन्याच्या मदतीला, तो सैन्याच्या सेनापतीचं ऐकायचा. दुसरा बॉम्ब टाकणाऱ्या विमानांचा, त्याला हुकूम यायचा इंग्लंडमधून. देश एक, आकाश एक, शत्रू एक, आणि साहेब दोन. चाळीसच्या जानेवारीत दोघांच्या डोक्यावर एक मुख्यालय बसवलं. कागदावर छान दिसलं. पण माणसं जुन्याच साहेबाकडे बघत राहिली. मे महिन्यात जर्मन आले, फोनच्या तारा तुटायला लागल्या, आणि जूनमध्ये सगळं गुंडाळून परत जावं लागलं."

मालिनीताई कागदाजवळ गेल्या. चष्मा वर सरकवून त्यांनी ते बाण पाहिले. एका चौकोनातून दोन बाण वर गेले होते, एक जाड, एक तुटक.

"ही तुटक रेघ म्हणजे दुसरा साहेब," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलंच.

"हो."

"आणि पुढे सुधारलं का?"

"उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात सुधारलं. तिथे सैन्याचं आणि विमानांचं मुख्यालय शेजारी शेजारी तंबू ठोकून बसायला लागलं. मग त्रेचाळीस साली भूमध्य समुद्रात सगळं एका हाताखाली आणलं, ब्रिटिश आणि अमेरिकन मिळून. तोवर वर्षं गेली. माणसं गेली."

मालिनीताईंनी मान हलवली. मग वळून त्याच्याकडे पाहिलं. "आणि मी? मी कुठे आहे यात?"

आता निमिषने नजर खाली घातली. "पहिल्या प्रकरणाची सुरुवात तुमच्या बॅजपासून केलीय. दोन साहेब असले की खालच्या माणसाचं काय होतं, ते तुमच्यासारखं मला कुणी सांगितलं नव्हतं. विचारायला हवं होतं. सांगितलं की तुम्ही सावध होऊन बोलाल, म्हणून टाळत राहिलो."

"म्हणजे ज्याला माहीत असायला हवं, त्याला सोडून बाकी सगळ्यांना माहीत," मालिनीताई म्हणाल्या. "माझ्याच बाबतीत, माझ्याच घरात, पुन्हा एकदा."

त्या वर निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी विद्यापीठाला केलेल्या फोनबद्दल त्याला काहीच सांगितलं नाही. रागही होता, आणि लाजही वाटत होती.

दोन दिवसांनी तोच वर आला, हातात फोन घेऊन, चेहरा पांढराफटक. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसने त्याला बोलावलं होतं. कुणीतरी तक्रार केली होती, की तो खोटी ओळख सांगतो. पासपोर्टवर त्याचं नाव आणि वडिलांचं नाव उलटसुलट पडलं होतं, त्यामुळे विद्यापीठाच्या यादीत तो वडिलांच्या नावाने, 'अनंत' म्हणून होता. हे आजवर कुणाला खटकलं नव्हतं. पण हल्लीचे दिवस असे, की व्हिसावरच्या मुलांना साधी ईमेल आली तरी झोप उडते.

"कुणी केलं असेल, काकू?"

मालिनीताईंनी गॅस बंद केला. "मी केलं. कोट घाल. मी ड्राइव्ह करते."

ऑफिसमधल्या बाईंसमोर मालिनीताई ताठ बसल्या आणि म्हणाल्या, तक्रार माझी आहे, ती चुकीची आहे, आणि ती मी ऐकीव गोष्टीवरून केली. बाई सभ्य होत्या. काळजी करू नका म्हणाल्या, पण फाईल उघडली गेली आहे, नावाची दुरुस्ती होईपर्यंत देशाबाहेर जाऊ नका. निमिष महिन्याअखेर माल्टाला जाणार होता, तिथले जुने कागद बघायला. ते कॅन्सल झालं. गाडीत बसल्यावर तो एवढंच म्हणाला, "तिथल्या वाचनालयाची वेळ मिळायला खूप वाट बघितली होती."

मालिनीताईंनी "सॉरी" म्हटलं. तो "इट्स ओके" म्हणाला. दोघांनाही माहीत होतं, की ओके नव्हतं.

तो पुढच्या महिन्यात विद्यापीठाजवळ राहायला गेला. जाताना बेसमेंट झाडून, पुसून गेला. भिंतीवर चिकटपट्टीच्या खुणा तेवढ्या राहिल्या.

मार्चच्या शेवटी त्याचा फोन आला. नाव दुरुस्त झालं होतं, माल्टा आता शरद ऋतूत. आणि एका सार्वजनिक ग्रंथालयात त्याचं भाषण होतं. "काकू, तुमची गोष्ट घेऊ का? नको म्हणालात तर काढून टाकतो. खरंच."

"आधी वाचून दाखव."

त्याने फोनवरच वाचलं. मालिनीताईंनी मध्येच थांबवलं. "गार्डने दार अडवलं असं लिहिलंयस. त्याने अडवलं नाही. त्याने स्वतःची खुर्ची दिली मला बसायला. तो एकटाच नीट वागला त्या दिवशी. ते लिही."

"लिहितो. आणि नाव बदलू का?"

"नको. माझंच ठेव."

भाषणाला त्या सुमेधाला घेऊन गेल्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. निमिषने पडद्यावर फ्रान्सचा तक्ता दाखवला. तो जाड बाण, तो तुटक बाण. मग त्याने मालिनी उपासनींचं नाव घेतलं, आणि सुमेधाने त्यांचा हात दाबला. त्यांनी तो सोडवून घेतला, पण उठून गेल्या नाहीत.

भाषण संपल्यावर एक उंच, वाकलेले अमेरिकन गृहस्थ त्यांच्याकडे आले. त्यांनी विचारलं, ती बाई तुम्हीच का? मालिनीताईंनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. मग म्हणाल्या, हो, मीच. ते गृहस्थ एका पोलादाच्या कारखान्यात होते. त्यांनाही आपली नोकरी गेल्याचं एकदा असंच, सगळ्यांच्या नंतर कळलं होतं. मालिनीताईंनी शेजारच्या खुर्चीवरचा आपला कोट उचलून मांडीवर घेतला, आणि ते गृहस्थ बसले. ग्रंथालयातली माणसं पाठीमागे खुर्च्या घडी करत होती, निमिष लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून उभा होता, आणि मालिनीताई विचारत होत्या, "मग तुमचे दोन साहेब होते, की तीन?"