म्हैस हात ओळखते

जनावरांच्या दवाखान्यात औषधं संपतात, किस्से संपत नाहीत. चहाला चार जण जमले की कोणीतरी सुरू करतंच, "ती आचोळ्याची म्हैस आठवते का?" हल्ली हे वाक्य आमच्यात कोणी उच्चारत नाही. म्हणून लिहितोय.

*

काँगो तापाचा अलर्ट आला आणि गोठ्यागोठ्यात भाषण द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. "गोचिडातून येतो. आधी ताप, मग नाकातोंडातून रक्त. गोचीड हाताने चिरडू नका." फुलपाड्याचा एक गोठेवाला मान डोलवत ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने म्हशीच्या कानातला गोचीड काढून नखावर फोडला.

"समजलं ना?"

"एकदम क्लिअर, डॉक्टर!"

*

दुसऱ्याने विचारलं, "म्हैस आजारी पडते का?" म्हटलं, नाही, तिला काहीच होत नाही, माणसाला होतं.

"मग तुम्ही चुकीच्या दवाखान्यातून आलात."

*

नायगावच्या आजींना ग्लोव्हज दिले, एकदा वापरून फेकायचे. आठवड्याने गेलो तर दोरीवर वाळत होते. "साबनाने धुतले. एवढे नवे टाकायचे?" आमचा ड्रेसर पास्कल हसून हसून खाली बसला. जाताना त्याने आपल्या डब्यातले चार जोड त्यांना दिले. चौदा वर्षं तो माझ्याबरोबर होता.

*

आचोळ्याच्या हरीभाऊंना ग्लोव्हज अजिबात चालत नसत. "म्हस हात ओलखते. रबरी हात लागला का दूध चोरते." तिच्या कासेवर गोचीडच गोचीड. पास्कलने ग्लोव्हज घालून हात लावला, तर लाथा झाडायला लागली.

"काढ रे बाबा ते. तिला ओलख पटू दे."

पास्कलने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळात पाहिलं, अजून दोन गोठे बाकी होते. त्याने ग्लोव्हज काढले आणि म्हैस शांत झाली. उघड्या बोटांनी तो एकेक गोचीड काढत गेला.

*

पाचव्या दिवशी पास्कलला ताप, मग हिरड्यांतून रक्त. आयसोलेशनमधून त्याचा फोन आला, "डॉक्टर, हरीभाऊंना ताप नाय ना?" नव्हता. लॅबचा रिपोर्ट आला तोवर पास्कल गेला होता.

*

दफनभूमीत मोजकेच लोक होते, सगळ्यांना ग्लोव्हजची सक्ती. पेटी सील केलेली. फादरांची प्रार्थना झाली आणि एकेक जण मूठभर माती टाकून मागे सरला. हरीभाऊ शेवटी आले. कडेला उभं राहून त्यांनी दोन्ही ग्लोव्हज काढले.

मी म्हटलं, "हरीभाऊ, घाला ते."

"नको, डॉक्टर." त्यांनी वाकून उघड्या हाताने माती उचलली. "त्याला ओलख पटू दे."