गोड सोडलेल्या मावशीचे दात

"दोतोर, तुझं फिलिंग पडलं!" शेवंतीमावशी क्लिनिकचं दार ढकलतच म्हणाली. पडलेला तुकडा रुमालात बांधून आणला होता.

मी चक्रावलो. गोवा राज्य नवं होतं आणि डिचोलीतलं माझं क्लिनिकही. सत्तरीच्या मावशीच्या पुढच्या दातांना हिरडीलगत तपकिरी खड्डे पडत होते. म्हातारपणी हिरडी सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं. ते मऊ, लवकर किडतं. पण इतक्या झपाट्याने? एक दात भरावा, तर शेजारचा किडलेला.

"पौषात धालो कसे म्हणू रे?" धालोंना मांडावर, म्हणजे ठरलेल्या पवित्र अंगणात, बायका दोन रांगांत उभ्या राहून गातात, आणि त्यांच्या वाड्यावर पहिली ओवी मावशीची. "फटीतून नुसता वारा जाईल. पोरी हसतील मला!"

तिचे डोळे भरले. मलाही भारी वाईट वाटलं.

"मावशी, खरं सांगा. गोड खाता?"

ती उसळलीच. "पूत मुरगावाक बार्जवर कामाला लागला, तेव्हापासून गोड सोडलंय मी! नार्व्याच्या देवाला बोललेय. चायसुद्धा बिनसाखरेची."

सोबत आलेल्या सुनेनेही मान हलवली.

डायबिटीस नाही, मिसरी नाही, ब्रश रोजचा. मग कीड येते कुठून? पुन्हा तोंडात आरसा घातला, तर तो गालाला चिकटला. तोंड कोरडं ठणठणीत! लाळ दिवसभर दात धुते. ती आटली की किडीला रान मोकळं.

"गोळ्या कसल्या घेता?"

"शिंकांची. घरासमोरून खाणीतल्या ओअरचे ट्रक जातात. ती तांबडी धूळ! गोळी नसली तर शिंकून जीव जातो."

ही गोळी तोंड सुकवते. अर्धं कोडं सुटलं. पण नुसत्या कोरडेपणाने एवढी नासाडी होईना.

"तोंड सुकलं की काय करता?"

"काय करतलंय? हे." तिने कमरेची पिशवी सोडून खडीसाखर दाखवली. "दिवसभर गालात असते."

मी बघतच राहिलो. "अहो मावशी, ही साखर!"

"साखर कसली? गळ्याचं औषध ते. गाणाऱ्या बायका सगळ्या चघळतात."

"औषधच ते," सून म्हणाली.

"औषध असो नाहीतर प्रसाद. दाताला साखरच."

मावशी हळूच म्हणाली, "म्हणजे माझा नेम मोडला? पोराला काय होणार नाही ना रे?"

आता आली का पंचाईत! हे काही कॉलेजात शिकवलं नव्हतं. म्हटलं, "मावशी, देव मन बघतो. दात बघत नाही."

तिने पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. माझी चिठ्ठी वाचून तिच्या फिजिशियनने शिंकांची गोळी बदलली. मी दात पुन्हा भरले, फ्लोराइडची टूथपेस्ट दिली आणि घोट घोट पाणी प्यायला सांगितलं. त्या पौषात पहिली ओवी मावशीनेच म्हटली. मुलगा रजेवर सुखरूप आला, तेव्हा ती माझ्यासाठी पेढे घेऊन आली. स्वतः शिवली नाही.

तेव्हापासून वयस्क पेशंटला मी "गोड खाता का?" असं विचारत नाही. "गालात काय ठेवता?" असं विचारतो. पिशव्या आपोआप सुटतात.