सलग छत्तीस

चष्म्याच्या दुकानात सगळे तिला भिंगबाई म्हणायचे. कर्ज काढून ती शिकली होती डोळे तपासायला, आणि काम मिळालं होतं मागच्या खोलीत काचा घासायचं. खोलीला खिडकी नव्हती. चाकावर काच धरायची, पाण्याचे शिंतोडे तोंडावर घ्यायचे आणि संध्याकाळी मालकाची बोलणी खायची. "काच वाकडी बसली तर पगारातून कापीन," हे त्याचं पेटंट वाक्य. दुसरी कुणी असती तर पहिल्याच वर्षी ॲप्रन त्याच्या टेबलावर फेकून चालती झाली असती. हिला निघता येत नव्हतं, आणि मालकाला ते पक्कं ठाऊक होतं.

कारण आत्या. आईवडील गेल्यावर हिला वाढवलं आत्याने, आणि शिक्षणाच्या कर्जाला जामीन राहिली तीही आत्याच. आत्या एका शिंप्याकडे नोकरीला होती. स्वतःचं दुकान टाकायचं म्हणून तिने एक जुनं शिलाई मशीन घेऊन पलंगाच्या पायथ्याशी ठेवलं होतं. त्याची ठेच लागल्याशिवाय त्या खोलीत कुणाला दाराशी जाता येत नसे. घोडं अडलं होतं बँकेत. जामीनकी सुटल्याशिवाय आत्याला दुकानासाठी कर्ज मिळणार नव्हतं. आणि ती सुटायचा नियम असा, की भाचीच्या पगाराच्या खात्यातून छत्तीस हप्ते सलग, आपोआप कापले गेले पाहिजेत. नोकरी बदलली की खातं बदलणार, खातं बदलताना एखादा महिना हुकणार, आणि हुकला की मोजणी पुन्हा एकपासून. परगावच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलने हिला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा हिने मन मारून नाही म्हटलं.

दर महिन्याला फोनवर मेसेज वाजला की आत्या स्वयंपाकघरातून ओरडायची, "गेला का?"

"गेला!"

"मग अठरा." पुढच्या महिन्यात एकोणीस. खात्यातून पैसे गेल्याचा एवढा आनंद दुसऱ्या कुठल्या घरात होत नसेल.

तेहतीस झाले आणि हिला राहवेना. जादा कामाचे पैसे हातात आले होते. सरळ बँकेत जाऊन तिने छत्तीसातले उरलेले तीन हप्ते एकदम भरून टाकले, आणि येताना आत्याला कापड बेतायची नवी कात्री आणली. बिचारीला वाटलं, आत्या सुटली.

पुढच्या आठवड्यात ती जामीनकी सोडवायला गेली, तेव्हा बँकेतल्या कारकुनाने स्क्रीनवर तिचं खातं उघडलं.

"मॅडम, हे तीन हप्ते तुम्ही हाताने भरलेत. ते आगाऊ धरले गेले. आता तीन महिने खात्यातून काही कापलं जाणार नाही."

"बरोबर आहे. भरलेच ना मी."

"भरलेत, पण कापले गेले नाहीत. सलगपणा मोडला. मोजणी आता एकपासून."

"मग मला ते पैसे परत द्या आणि कापा की हो!"

"परत द्यायची सोय नाही." त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण त्याने उगाचच पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

वेळेआधी पैसे भरणाऱ्याला शिक्षा करणारा हा नियम ज्याने लिहिला, त्याला एकदा त्या बिनखिडकीच्या खोलीत काचा घासायला बसवलं पाहिजे.

घरी येऊन ती ओक्साबोक्शी रडली. आत्याने रडू दिलं.

"झालं रडून? आता ऐक. मोजणी मोडलीच आहे ना?"

"हो."

"मग त्या दुकानात कशासाठी बसतेस? हॉस्पिटलला फोन लाव. तीन महिने कुणी काही कापत नाही, तेवढ्यात खातं बदलून घे."

"आणि तुझं दुकान?"

"मी कुठे पळून चाललेय," आत्या म्हणाली. तिने मशीनवर जुनी चादर टाकली आणि त्यावर इस्त्रीचे कपडे रचायला घेतले. कात्री कपाटात गेली.

हॉस्पिटलमधल्या तिच्या खोलीला मोठी खिडकी होती. चौथ्या महिन्यात तिथे मेसेज वाजला. तिने आत्याला फोन लावला. पलीकडे मशीन चालू होतं आणि शिंपी कुठल्याशा बाहीवरून आत्यावर खेकसत होता.

"गेला का?" आत्याने हळूच विचारलं.

"गेला."

"मग एक."