कोंबडीखालचा सूर

मी तेव्हा धानोऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावी यायची. घरी आई-बाबा दोघंच होते. बाबा पोस्टातून निवृत्त झाले होते, आणि गावच्या बुद्धविहारात वंदनेनंतर गाणी व्हायची तेव्हा तिथली पेटी वाजवायचे. आईकडे शेत, घर आणि कोंबड्या.

त्या वर्षी एक काबरी कोंबडी वैशाख लागताच खुडूक झाली. रिकाम्या टोपल्यात जाऊन बसायची, हाकललं तर फिरून तिथेच. शेजारच्या काकू म्हणाल्या, "या उन्हात अंडे नोका ठेवू, सडतेत." पण आईने भाताचं तणस घातलेल्या टोपल्यात अंडी मांडली आणि कोंबडीला वर बसवलं. अशा गोष्टी तिच्या लेखी ऐकण्यातल्या नव्हत्या, करून बघण्यातल्या होत्या.

एका दुपारी आम्ही दोघी ओल्या लुगड्याचा पडदा लावून पडलो होतो. आई कोपऱ्यातल्या टोपल्याकडे बघत म्हणाली, "मले एक सांग. एवढी गर्मी हाय का आपण शिजून राह्यलो. मंग ते अंडे असेच उबतीन नं. ते कोंबडी काऊन बसून राह्यली?"

मी मास्तरणीच्या सवयीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. अंड्याला साधारण आपल्या अंगाएवढी ऊब लागते, हे मला माहीत होतं. पण आमच्या घरातली दुपारची हवाच त्याहून गरम होती. मग कोंबडी त्याला देत काय होती? मला खरंच माहीत नव्हतं.

"मोजून पाहू," मी म्हटलं.

हात घातला तर तिने टोच मारली. घरात तापाचं थर्मामीटर होतं, पण ते एकदा चढलं की झटकल्याशिवाय उतरत नाही. अंडं दिवसभर कधी तापतं, कधी निवतं, ते त्यातून कसं कळणार? तेव्हा मला चंद्रपूरच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेतलं विजेचं एक मंडल आठवलं. त्यात थर्मिस्टर नावाचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा असायचा. तो तापला की त्यातून वीज सहज वाहायची, आणि जोडलेल्या मंडलाचा आवाज चढायचा. गरमीचा सूर ऐकू यायचा.

गंमत म्हणजे थर्मिस्टर घरातच निघाला. बाबांच्या बंद पडलेल्या जुन्या रेडिओत तो होता. आतले ट्रान्झिस्टर तापले तर त्यांना आवरायला बसवलेला. तो मी काढून घेतला. बाकीचं सामान आणायला एसटीने चंद्रपूरला गेले. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून ट्रान्झिस्टर, कंडेन्सर, रेझिस्टन्स, एका बाजूला तांब्याचा पातळ थर असलेली पाटी आणि तांबं विरघळवायचं औषध घेतलं. दुकानदाराने विचारलं, "काय बनवता बाई?" मी म्हटलं, "कोंबडीसाठी हाय." त्याने सामान कागदात गुंडाळून दिलं.

आधी मी आवाज तारेनेच बाहेर आणायचं ठरवलं होतं. एक तार नुसती घालून बघितली. कोंबडीने ती गांडूळ समजून ओढून काढली. तेव्हा बिनतारी करणं आलं. शेजारच्या खोलीतल्या रेडिओपर्यंत पोचेल एवढंच छोटं प्रक्षेपण. त्यासाठी पेन्सिलीवर तांब्याची तार गुंडाळून कॉइल केली.

तांब्याच्या पाटीवर जिथे रस्ते हवेत तिथे रंग लावायचा आणि उरलेलं तांबं औषधात विरघळवायचं, अशी ती रीत. रंग म्हणून पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला तेलरंग उरला होता, तो घेतला. फुटक्या बशीत औषध ओतून पाटी त्यात हलवत बसले. तांबं हळूहळू नाहीसं झालं आणि रंगाखालचे रस्ते तेवढे राहिले. आई बघतच राहिली. "बाकीचं तांबं कुठी गेलं?" मी म्हटलं, पाण्यात. तिने बशीतलं तपकिरी पाणी बराच वेळ न्याहाळलं. त्याचा एक थेंब अंगणात सांडला आणि सारवलेल्या जमिनीवर डाग पडला, त्यासाठी मात्र बोलणी खाल्ली.

सोल्डरिंग, म्हणजे तापलेल्या आयर्नने पाटीवर भागांना टाके देणं, सकाळीच करावं लागे, कारण दुपारी व्होल्टेज इतकं पडायचं की आयर्न नुसतं कोमट व्हायचं. मी आयर्नचं टोक राळेत बुडवलं की धूर निघायचा आणि देवदारासारखा वास यायचा.

"हे राळ कशाले?" आईने विचारलं.

"तांबं तापलं का त्यावर मळ धरतो. राळ तो मळ काढते. मग सोल्डर पसरतं, नाहीतर गोळी होऊन बसतं."

"कल्हईवाला नवसागर टाकते तसं."

"अगदी तसंच," मी म्हटलं. मला ही तुलना इतकी आवडली की पुढे वर्गात मी तीच देत आले.

सगळे भाग बसले, त्यांचे तारांचे जास्तीचे पाय कापले, सेल जोडला. बाबांनी आपला चालू रेडिओ आणून ठेवला आणि काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. खरखर, नागपूरचं स्टेशन, परत खरखर. आमचं काहीच नव्हतं. मी ट्रान्झिस्टरचे पाय तपासले, सेल बदलला. शेवटी कंटाळून पाटी बोटाने दाबली तर रेडिओतून बारीक 'पीं' आली. बोट उचललं, गेली.

"परत दाब!" बाबा ओरडले.

दाबली की यायची, सोडली की जायची. आईने पाटी उजेडात धरली, मी एकेक टाका बघितला. कॉइलच्या पायाशी सोल्डर गोळीसारखं बसलं होतं, तांब्याला धरलंच नव्हतं. राळ लावून तो टाका पुन्हा दिला. आवाज आला आणि टिकला. मी थर्मिस्टर चिमटीत धरला तसा तो वर चढू लागला. आईने तो माझ्या हातून घेऊन त्यावर फुंकर घातली. सूर उतरला. तिने पुन्हा चिमटीत धरला, पुन्हा फुंकला. खूप वेळ ती तेच करत होती, आणि आम्ही कोणी तिला थांबवलं नाही.

पण सूर चढला म्हणजे किती गरम, हे कसं कळणार? ते बाबांनी सोडवलं. ते विहारातून पेटी घेऊन आले. मी गंजात, म्हणजे पातेल्यात, कोमट पाणी घेतलं, त्यात थर्मामीटर आणि मेणात बुडवून घेतलेला थर्मिस्टर सोडला. थोडं थोडं गरम पाणी घालत गेले. बाबा डोळे मिटून पट्ट्या दाबायचे आणि रेडिओतल्या आवाजाशी जुळली की थांबायचे. अंगाएवढी ऊब काळी दोनवर आली. चांगला सडकून ताप पांढरी चारवर. त्याच्या वर थर्मामीटर संपलं, पण पेटी शिल्लक होती.

आईने एक अंडं टोचून रिकामं केलं, त्यात बारीक रेती भरली, मधोमध थर्मिस्टर बसवला, त्याची बारीक तार तेवढी बाहेर ठेवून भोक मेणाने बंद केलं. पाटी आणि सेल साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत घातले, आणि कोंबडीला दिसू नये म्हणून डबी तारेसकट तणसाखाली दडवली. कोंबडीने रेतीचं अंडं चोचीने पोटाखाली ओढून घेतलं. ते आपलं नाही हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. "तुमच्याकडं काय करून राह्यले व? आमच्या रेडिओत गाण्याच्या मधातच पीं पीं करते!" आईने त्यांना टोपल्यापाशी नेलं. "हे हाय ते स्टेशन." काकू हसत सुटल्या. मग त्या रोज यायला लागल्या. येताना विचारायच्या, "आज कोणत्या पट्टीत हाय कोंबडी?"

सकाळी कोंबडी दाणे टिपायला उठली की सूर उतरायचा, बसली की काळी दोनच्या थोडा वर येऊन स्थिर व्हायचा. हे आमच्या अपेक्षेप्रमाणेच होतं. पण आईचा प्रश्न दुपारचा होता.

मग बुद्धपौर्णिमेच्या आधीची ती दुपार आली. छपराच्या कवेलूंमधून आग उतरत होती. कोंबडी चोच उघडून धापा टाकत होती, पंख अंगापासून दूर धरलेले. बाबा पेटीशी, मी रेडिओशी, आई दारात. सूर काळी दोनच्या वरच्या पट्टीवर, पांढरी तीनवर होता. कोंबडी उठली आणि पाण्याच्या भांड्याकडे गेली.

आम्ही सूर उतरायची वाट बघत होतो. तो चढला.

बाबांनी पट्टी बदलली. पांढरी चार. मग त्याहून वरची काळी तीन.

"अजी, हे तं वाढूनच राह्यलं!" आई म्हणाली. "ते उठली तं थंड व्हाले पायजे नं?"

कोंबडी पाणी पिऊन परतली, पिसं फुलवून अंड्यांवर बसली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग सूर, अगदी हळू, खाली यायला लागला. काळी तीन, पांढरी चार. बाबा पेटी सोडून रेडिओला कान लावून बसले.

आई टोपल्यासमोर उकिडवी बसली. "म्हंजे हे माय त्याइले गरम नाई करून राह्यली," ती कोंबडीकडे बघत म्हणाली. "हे त्याइले उन्हापासून वाचवून राह्यली."

मला तेव्हा समजलं. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, पण त्या दुपारच्या हवेपेक्षा ते थंड होतं. अंड्यातली जास्तीची गरमी ती आपल्या अंगात घेत होती आणि धापा टाकून बाहेर सोडत होती. मी बरीच वर्षं उष्णता शिकवली होती, पण एकाच दुपारी तिची दिशा बदलताना कधी ऐकली नव्हती.

आई तेवढ्यावर थांबली नाही. तिने टोपलं रांजणाजवळ हलवलं, खाली ओली रेती पसरली आणि बाजूला भिजवलेलं बारदान टांगलं. सूर पांढरी तीनच्या खाली आला. बारदान वाळलं की तो वर सरकायचा आणि बाबा हाक मारायचे, "पाणी मारा वो!" अशा आमच्या दुपारी गेल्या.

पौर्णिमेनंतर पिल्लं निघाली. दोन-तीन अंडी वांझ गेली, बाकी सगळ्यांतून पिल्लं बाहेर आली. काकूंनी टोपल्यात वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "आता मीही अंडे ठेवतो, रेती दे फक्त." कोंबडी पिल्लांना घेऊन अंगणात उतरली आणि आमचं रेतीचं अंडं टोपल्यातच राहिलं. बाबा रेडिओवर बातम्या लावायला गेले, तर आई म्हणाली, "थांबा नं जरा." तिने ते अंडं डबीसकट उचलून रांजणाच्या ओल्या पोटाला लावलं आणि सूर कुठवर उतरतो ते ऐकत उभी राहिली.